वीजबिलाची कौटुंबिक मीमांसा

घरातील उपकरणांना महिन्याकाठी किती वीज लागते याचा अंदाज बांधण्याचे शास्त्र वरकरणी अत्यंत सोपे असून त्यासाठी गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे कोणत्याही विद्येची गरज भासत नाही. उपकरणावर छापलेले वॉट घ्यावेत, ते रोज किती तास चालते त्या संख्येने त्यांना गुणावे आणि आलेल्या उत्तराला १,००० ने भागावे, म्हणजे त्या उपकरणाचा रोजचा खप युनिटांत मिळतो. वॉट हे वीज किती वेगाने खर्च होते याचे माप होय, तर युनिट, म्हणजेच किलोवॉट-तास, हे एकूण किती खर्च झाली याचे माप होय. १,००० वॉटचे उपकरण तासभर चालले काय किंवा १०० वॉटचे दहा तास चालले काय, मीटर दोन्ही वेळा एकच युनिट पुढे सरकतो. ज्या जेम्स वॉटचे नाव या मापाला मिळाले तो वाफेच्या इंजिनाचा सुधारक १८१९ मध्ये निवर्तला आणि त्याच्या नावाचे एकक सुचवले गेले ते १८८२ मध्ये, त्यामुळे उभ्या आयुष्यात त्याला एकदाही वीजबिलाचा खुलासा घरच्यांपुढे करावा लागला नाही. गणित इतके सरळ असूनही बहुतेक घरांतील अंदाज चुकतात, याचे कारण असे की बिल हातात पडल्यावर विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘किती वीज कशाला लागली’ हा नसून ‘हे कोणामुळे झाले’ हा असतो. पहिला प्रश्न अंकगणिताच्या कक्षेत येतो, दुसरा न्यायदानाच्या. आणि न्यायदानाची घरोघर चालत आलेली परंपरा अंकगणितापेक्षा कितीतरी अधिक समृद्ध आहे.

या परंपरेत स्थूलमानाने तीन संप्रदाय आढळतात. पहिला प्रकाशवादी संप्रदाय होय. जे उजळते तेच वीज खाते, हा याचा मूळ सिद्धान्त असून प्रत्यक्षाखेरीज दुसरे कोणतेही प्रमाण तो मानत नाही. या संप्रदायाचे अनुयायी बहुधा घरातील कर्ते पुरुष असतात आणि रिकाम्या खोल्यांतून फिरून बटणे बंद करणे, तसेच प्रत्येक बटणागणिक वीज फुकट येत नसल्याचे उच्च स्वरात सांगणे, ही त्यांची नित्योपासना असते. संप्रदायाच्या स्थापनाकाळी हा सिद्धान्त निराधार नव्हता, कारण तेव्हा घरात ६० किंवा १०० वॉटचे पिवळे बल्ब असत, नळीदिवा जरी ४० वॉटचा असला तरी त्याचा चोक आणखी काही वॉट गिळत असे, आणि दिव्यांच्या तोडीचे दुसरे खादाड उपकरण मध्यमवर्गीय घरात क्वचितच सापडे. पुढे सीएफएल आले, मग एलईडी आले, केंद्र सरकारच्या २०१५ सालच्या उजाला योजनेने एलईडी बल्ब स्वस्तात घरोघर पोचवले आणि ६० वॉटचे काम ९ वॉटमध्ये होऊ लागले. परंतु दिवे बदलले तरी प्रवचन तेच राहिले. हिशेबाच्या सोयीसाठी सर्व आकारांसह एक युनिट दहा रुपयांना पडते असे मानले, तर मोरीतला ९ वॉटचा बल्ब रात्रभर, म्हणजे दहा तास, जळत राहिल्याने ९० पैशांचे नुकसान होते. या नुकसानीबद्दल सकाळी दिवाणखान्यात पंधरा मिनिटांचे व्याख्यान झाले आणि त्या वेळी डोक्यावर ७५ वॉटचा जुना पंखा फिरत असला, तर व्याख्यानाला लागलेल्या विजेवर तोच बल्ब आणखी दोन तास जळू शकतो, ही गोष्ट व्याख्यात्याच्या ध्यानात सहसा आणून दिली जात नाही.

दुसरा संप्रदाय ध्वनिवाद्यांचा. जे उपकरण जितके ओरडते तितकी ते वीज ओढते, असे हे मानतात, आणि त्यांच्या मते घरातला सर्वांत मोठा गुन्हेगार मिक्सर होय. मिक्सरचे वाटेज ७५० च्या घरात असते हे खरे, पण खोबऱ्याची चटणी वाटायला तो पाच मिनिटे चालला तर एका युनिटाचा सोळावा भाग खर्च होतो, म्हणजे दहा रुपयांच्या दराने साठ-बासष्ट पैसे. खुद्द नारळाची किंमत पाहता हा खर्च हिशेबात धरणे हा नारळाचा अपमान ठरेल. कपडे धुण्याचे यंत्र हेही या संप्रदायाचे आवडते लक्ष्य. कपडे पिळताना ते थरथरत जागचे सरकू लागले की सारे बिल तिथेच तयार होत असल्याचा भास होतो. वास्तविक थंड पाण्यात कपडे धुतले तर विजेचा खर्च किरकोळ असतो, आणि ज्या यंत्रात पाणी तापवण्याची सोय असते ते यंत्र खरी वीज ओढते ते अगदी सुरुवातीला, पाणी तापवताना, जेव्हा ते शहाण्या मुलासारखे गप्प बसलेले असते. ज्या आवाजाची कानाला सवय झाली तो मात्र या संप्रदायाला ऐकू येत नाही. ७५ वॉटचा छताचा पंखा रोज दहा तास चालला तर महिन्याला साडेबावीस युनिटे होतात, असे तीन पंखे म्हणजे सदुसष्टच्या वर, आणि तरीही पंख्यावर खटला भरल्याचे उदाहरण विरळा. पंखा एकवर ठेवला काय आणि पाचवर ठेवला काय, वीज तेवढीच लागते, ही जी जुनी म्हण आहे ती भिंतीवरच्या त्या अवजड, हाताला गरम लागणाऱ्या रेग्युलेटरच्या काळात बरीचशी खरी होती, कारण पंख्याने न वापरलेल्या विजेतली पुष्कळशी तो रेग्युलेटर स्वतःच्या पोटातील रोधात उष्णता करून उडवीत असे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आल्यापासून पंखा हळू केल्यास खरोखरच वीज वाचते. बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित एकदिश मोटरचा, नवा पंखा तर तीसेक वॉटमध्ये तेवढाच वारा देतो, पण तो वारा पूर्वीसारखा ‘लागत’ नाही, अशी घरातील ज्येष्ठांची तक्रार असते आणि तिचे निराकरण कोणत्याही मापनयंत्राने होत नाही.

प्रकाश आणि ध्वनी या दोन्हींच्या पलीकडे, न दिसता आणि न ओरडता जी वीज खाते ती उष्णता होय; परंतु तिच्या नावाने संप्रदाय मात्र निघालेला नाही. कोणतीही वस्तू तापवणे अथवा तिच्यातील उष्णता उपसून बाहेर टाकणे हे घरातील सर्वांत खर्चिक काम आहे. पाण्याला तापायला फार उष्णता लागते, एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल, आणि एका युनिटात ३,६०० किलोज्यूल असतात. म्हणून पुण्याच्या थंडीत २० अंशांचे पंधरा लिटर पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास ०.७ युनिट, म्हणजे सात रुपये लागतात. एवढ्या विजेवर मोरीतला तो पापी बल्ब तीन दिवस आणि तीन रात्री अखंड जळून वर काही तास उरतात. गिझरवरून घरात आरडाओरडा होत नाही असे नाही, पण तो होतो बटण चालू राहिल्याबद्दल. बटण चालू राहिले तरी पाणी ठरलेल्या तापमानाला पोचताच थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून वीज तोडणारा स्वयंचलित खटका, आपले काम करतो, आणि त्यानंतर टाकीतून जी उष्णता झिरपते तेवढीच भरून काढावी लागते. खर्च मुख्यतः होतो तो अंगावर घेतलेल्या बादल्यांचा. एक बादली बरे वाटावे म्हणून, दुसरी स्वच्छतेसाठी आणि तिसरी आत गेलेल्याला बाहेर यावेसे वाटत नाही म्हणून, अशा चढत्या क्रमाने युनिटे वाहत असतात. तथापि ‘बटण बंद केलेस का’ हा प्रश्न मोरीच्या दाराबाहेरून विचारता येतो, तर ‘किती बादल्या घेतल्यास’ हा प्रश्न, विशेषतः पाहुण्यांना आणि जावयांना, कोणत्याच दाराबाहेरून विचारता येत नाही.

फ्रिजपाशी आल्यावर वॉटला तासांनी गुणण्याची रीतच लंगडी पडते, कारण फ्रिज चोवीस तास जोडलेला असला तरी त्याचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो आणि किती थांबायचे हे तो बाहेरचा उकाडा, आतली गर्दी आणि दार उघडे ठेवून विचार करणाऱ्यांची संख्या पाहून ठरवतो. ही अडचण ओळखून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २००२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय संस्था, उपकरणांवर ताऱ्यांचे लेबल लावते आणि त्यावर वर्षाचा अंदाजे खप थेट युनिटांत छापते. लेबलावरचे तारे सर्वांना दिसतात, युनिटांचा आकडा थोड्यांना दिसतो, आणि ते लेबल कोणत्या सालचे आहे हे जवळजवळ कोणालाच दिसत नाही. वास्तविक ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक केले जात असल्याने दहा-बारा वर्षांपूर्वीचा पंचतारांकित फ्रिज आज परीक्षेला बसला तर त्याचे एक-दोन तारे सहज गळतील. या सर्वांवर उपाय म्हणून काही घरांत रात्री फ्रिज बंद ठेवण्याची प्रथा असते. रात्रभरात आत शिरलेली उष्णता सकाळी पुन्हा उपसावीच लागते, त्यामुळे वाचते ते थोडे, नासते ते दूध, आणि त्या दुधाचे पनीर केल्यास त्यासाठी जळणाऱ्या गॅसचा हिशेब वेगळ्या खात्यात पडत असल्याने वीजबिलावरील विजय अबाधित राहतो.

एअर कंडिशनरचा अंदाज तर परिभाषेपासूनच फसतो. दीड टनाचा एसी म्हटल्यावर सामान्य मनुष्य भिंतीच्या मजबुतीची चौकशी करतो. परंतु येथे टन म्हणजे यंत्राचे वजन नसून, अमेरिकी मापाचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी उष्णता खोलीतून काढण्याची क्षमता, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट, होय. ही काढलेली उष्णता झाली. ती काढायला लागणारी वीज त्याच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी असते, म्हणून दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना दीड किलोवॉटच्या आसपास वीज ओढतो. त्याच्या लेबलावरील वार्षिक खप वर्षाला १,६०० तासांचा वापर गृहीत धरून काढलेला असतो, आणि ज्या घरी एसी केवळ एप्रिल-मे महिन्यांत रात्री सात-सात तास लागतो तेथे हे तास जेमतेम चारशेच्या वर जातात. म्हणून लेबल वाचून घाबरलेले घर आणि बिल वाचून घाबरलेले घर ही दोन वेगवेगळी घरे असतात. २०२० पासून तारांकित एसी सुरू होताच २४ अंशांवर यावेत असा नियम झाला आहे, आणि तेथून त्यांना खाली नेण्याचे कार्य रिमोट ज्याच्या उशीखाली असेल तो करतो. या यंत्राचा एक सामाजिक लाभ मात्र नोंदवला पाहिजे. एरवी चार खोल्यांत चार दिशांना तोंडे करून बसणारे कुटुंब उन्हाळ्यात एका खोलीत गाद्या टाकून एकत्र निजते, उरलेल्या खोल्यांतले पंखे थांबतात, आणि माणशी खर्च पाहिल्यास आजोबांच्या घोरण्यासह हा सौदा वाटतो तितका महाग पडत नाही.

तिसरा आणि सर्वांत प्रबळ संप्रदाय व्यक्तिवाद्यांचा. याच्या मते वीज उपकरणे वापरत नसून माणसे वापरतात, आणि घरात जो सर्वांत शेवटी आला त्याच्याकडे बिलातील वाढ जमा करावी. नवी सून, शिक्षणासाठी राहायला आलेला भाचा, घरून काम करू लागलेला मुलगा हे या न्यायाने एकामागून एक आरोपी ठरतात. हा सिद्धान्त केवळ खवचटपणातून जन्मलेला नसून त्याला दरपत्रकाचाच आधार मिळतो, कारण महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर सरसकट नसतो. महावितरणच्या दरपत्रकात पहिली १०० युनिटे, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे असून प्रत्येक टप्प्याचा दर आधीच्यापेक्षा चढा असतो. अर्थात वर हिशेबासाठी मानलेले दहा रुपये हे एक सोयीचे असत्य होते, हे येथे कबूल करणे भाग आहे. टप्पा ओलांडला की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो, असा एक भयंकर समज घरोघर रूढ असल्यामुळे मीटर नव्व्याण्णववर आलेल्या महिन्याच्या अखेरच्या दोन रात्री काही कुटुंबे अंधारात जेवून काढतात. प्रत्यक्षात चढा दर फक्त टप्प्यावरच्या युनिटांना लागतो. एकशे एकावे युनिट महाग असते, पण त्याच्या आधीची शंभर युनिटे त्याच्या वागणुकीने बिघडत नाहीत.

मात्र येथून जो प्रश्न उपस्थित होतो तो दत्तकविधान आणि भाऊबंदकी यांच्या तोडीचा आहे. घराचा खप २६० युनिटे असल्यास त्यांतील स्वस्त शंभर कोणाची आणि महाग एकशे साठ कोणाची? ज्येष्ठतेच्या तत्त्वानुसार आजोबांचा टीव्ही आणि आजींच्या देवघरातील झिरोचा दिवा पहिल्या टप्प्यात पिढीजात वतनदारासारखे बसतात. फ्रिज आणि पंखे सर्वांचे म्हणून त्यांनाही तेथेच जागा मिळते, आणि सुनेचा मायक्रोवेव्ह, नातवाचा संगणक व भाच्याचा हेअर ड्रायर यांना वरचा टप्पा बहाल केला जातो. मीटर मात्र युनिटांवर नावे लिहीत नाही आणि कोण आधी आले याची वहीही ठेवत नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याला सीमांत खर्च म्हणतात, म्हणजे आणखी एक युनिट वापरल्याने वाढणारा किंवा एक युनिट न वापरल्याने वाचणारा खर्च, त्याच्या दृष्टीने पाहता त्या घरात कोणीही एक युनिट वाचवले तरी ते महाग टप्प्यातलेच वाचते, मग ते भाच्याने वाचवलेले असो वा आजोबांनी. हा निष्कर्ष निर्विवाद असला तरी तो जेवणाच्या पंगतीत मांडण्याचे धाडस सुनेने करू नये, असा अनुभवी लोकांचा सल्ला असतो.

शिवाय बिल म्हणजे केवळ युनिटांचा गुणाकार नव्हे. त्यात स्थिर आकार असतो, तो कुटुंब महिनाभर कोकणात गेले आणि घराला कुलूप असले तरी लागतो, आणि परत आल्यावर ‘नक्की काहीतरी चालू राहिले होते’ या विषयावर आठवडाभर चौकशी चालवण्यास पुरतो. वीज आकार हा विजेचा, वहन आकार ती दारापर्यंत आणण्याचा, इंधन समायोजन आकार वीज खरेदीच्या खर्चातील चढउतारांचा, आणि या सर्वांवर राज्य सरकारचे १६ टक्के वीज शुल्क. दर ठरवतो तो १९९९ मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, वीज पुरवते ती २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निघालेली महावितरण, मुंबईत पत्त्यानुसार बेस्ट, अदानी अथवा टाटा, आणि दूषण मिळते ते अजूनही ‘एमएसईबी’ला, जे मंडळ त्या रूपात अस्तित्वात नाही.

ज्यांना तिन्ही संप्रदाय सोडून सत्याचा शोध घ्यायचा असेल त्यांच्यासाठी मीटरवरच एक साधन बसवलेले असते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी दर युनिटाला तो किती वेळा लुकलुकेल हा आकडा, बहुधा ३,२००, छापलेला असतो. एका मिनिटात तो जितक्या वेळा लुकलुकेल त्या संख्येला ६० ने गुणून ३,२०० ने भागले की त्या क्षणी घर किती किलोवॉट ओढत आहे ते कळते. ६४ वेळा लुकलुकल्यास १.२ किलोवॉट. प्रयोगासाठी घरातील सर्व काही बंद करून एकेक उपकरण लावायचे असते, आणि मीटर तळमजल्यावर, घर तिसऱ्या मजल्यावर असल्यास जिन्यातून ‘लाव गिझर’, ‘बंद कर’ अशा आरोळ्या ठोकाव्या लागतात, ज्यांमुळे शेजाऱ्यांचे विविध ग्रह होतात आणि सोसायटीचे सचिव चौकशीला खाली उतरतात. परंतु मिळणारी साक्ष निर्णायक असते. २,००० वॉटचा गिझर लावला की तो दिवा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा लुकलुकतो आणि मोजणाऱ्याची जीभ वळेनाशी होते. एकटा ९ वॉटचा बल्ब लावला तर दोन मिनिटे डोळ्यांत तेल घालून उभे राहावे तेव्हा तो एकदा लुकलुकतो. सर्व काही बंद आहे असे वरून ओरडून सांगितले जात असतानाही मिनिटाभराने तो पुन्हा लुकलुकला, तर दोष बहुधा सेट-टॉप बॉक्स आणि वाय-फायच्या डबीचा असतो. दोन्ही मिळून वीसेक वॉट ओढत असली तर महिन्याला चौदा युनिटे होतात, आणि काही सेट-टॉप बॉक्स तर रिमोटने ‘बंद’ केल्यावरही जवळजवळ तेवढीच वीज घेत राहतात. याउलट, फोन काढून घेतल्यावर भिंतीत राहिलेला जो मोबाइल चार्जर घराघरांत आळसाचे प्रतीक मानला जातो, तो चांगल्या बनावटीचा असल्यास वर्षभरात एक युनिटही खात नाही.

इतकी स्वच्छ साक्ष हाती आल्यावर घरातील न्यायदान सुधारेल अशी अपेक्षा असते, पण ती सफल होत नाही आणि त्याचे कारण अडाणीपणा हे नव्हे. खरा हिशेब मांडला की बिलाचा मोठा भाग गरम पाणी, वारा, थंडावा आणि ताजे अन्न यांवर गेलेला दिसतो, म्हणजे ज्या सुखांत घरातील प्रत्येक जण वाटेकरी आहे त्यांवर. आरोपींच्या पिंजऱ्यात सगळेच उभे राहिले की न्यायाधीश कोणी उरत नाही. म्हणून घर दोष त्या उपकरणाला देते ज्याचा त्याग एका बोटाने करता येतो आणि ज्याच्या त्यागाने कोणाचेच काही अडत नाही. बचत करण्याची इच्छा आणि काहीही न सोडण्याची इच्छा या दोहोंचे समाधान करणारी ही व्यवस्था अर्थशास्त्राला मान्य नसली तरी गृहशांतीला मानवते. तेव्हा व्यवहार्य शिफारस एवढीच करता येते की प्रत्येक घराने विसरून चालू ठेवण्यासाठी एक ९ वॉटचा बल्ब राखून ठेवावा. रोज पाच तास वाया गेल्यास त्याला वर्षाला साडेसोळा युनिटे, म्हणजे सोयीच्या दराने सुमारे १६५ रुपये पडतात, आणि त्या मोबदल्यात कर्त्या पुरुषाला वर्षभर पुरेल इतका ओरडण्याचा विषय मिळतो व बाकीच्यांना गिझरखाली सुखाने तिसरी बादली भरता येते.